चीअरलीडर वाद

क्रीडास्पर्धांत प्रेक्षकांचे मनोरंजन व प्रायोजकांची प्रसिद्धी यांसाठी नर्तकी वा मॉडेल नेमण्याच्या प्रथेविषयीचा वाद. भारतात ही प्रथा २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगमुळे [⟶ क्रिकेट] ठळकपणे पुढे आली. हैदराबादच्या डेक्कन चार्जर्ससह अनेक संघांनी ती स्वीकारली. त्याच वर्षी महाराष्ट्राचे गृहराज्यमंत्री सिद्धराम म्हेत्रे यांनी या नृत्यांवर अश्लीलतेचा आक्षेप घेतला. राज्यातील डान्सबारवरील २००५ च्या बंदीशी [⟶ डान्सबार] त्याची तुलना झाली. विरोधक स्त्रीदेहाच्या वस्तूकरणाचा, तर समर्थक व्यवसायस्वातंत्र्याचा मुद्दा मांडतात. २०११ मध्ये पुणे वॉरियर्स या लीगमधील संघाने भारतीय वेशातील नर्तकी आणल्या. फॉर्म्युला वन शर्यतींत [⟶ मोटार शर्यती] ‘ग्रिड गर्ल्स’ म्हणून मॉडेल नेमण्याची अशीच प्रथा २०१८ मध्ये बंद झाली.