हौद्यातील पिस्तूल

एकोणिसाव्या शतकात हत्तीवरील हौद्यात बसून व्याघ्रमृगयेस निघणाऱ्या साहेबलोकांच्या सरंजामात लांब बंदुकीखेरीज एक आखूड, दुनळी, जाड गोळीचे पिस्तूल असे. कारण जखमी वाघ हत्तीच्या गंडस्थळावर झेपावला, म्हणजे लांब नळी वळविण्यास ना जागा उरे, ना अवसर. प्रारंभी रायफलींच्याच नळ्या कापून ही शस्त्रे घडवीत. पुढे इंग्लंडमधील कारागीर ती मुद्दाम बनवू लागले, आणि त्यांतील कित्येकांची गोळी ०.५७७ इंच, म्हणजे जवळजवळ दीड सेंटिमीटर व्यासाची असे. दूरचा पल्ला येथे गौण. हातभर अंतरावर पहिल्याच चापासरशी श्वापद थोपविणे, एवढेच त्यांचे प्रयोजन. शतकाच्या उत्तरार्धात लँकेस्टर या इंग्रज बंदूककाराची चारनळी पिस्तुले व वेब्ली या इंग्रज कारखान्याची रिव्हॉल्व्हरे या दुनळी पिस्तुलांच्या जागी आली.

परंतु ज्या कुणब्याच्या गोठ्यातून वाघ रात्री गुरे नेई, त्याला १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यान्वये सरकारी परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची मुभा नव्हती, आणि युरोपियनांस मात्र त्यातून सूट होती. श्वापदांपासून आत्मरक्षणाचा इतिहास लिहिताना कारागिरीइतकीच ही विषमताही नोंदली पाहिजे. कारण रानाच्या काठी नित्य राहणाऱ्यालाच संरक्षणाची निकड अधिक होती.