रोज एक पान मराठी
निर्णा परिसरातील ज्या मुलांची शाळा कन्नड वा इंग्रजी माध्यमाची आहे, त्यांचे मराठी वाचन आपल्या घरीच टिकणार. त्यासाठी सवय हवी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला सवयींचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडलेली कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असे त्यात दिसले. माणसागणिक हा अंदाज १८ ते २५४ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. म्हणून रात्रीची जेवणे उरकली की मुलांसोबत एक पान मोठ्याने वाचू या. खाडा पडला तर रागावू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.