चरित्रकाराचें दप्तर

चरित्र वाचतांना वाचकाच्या डोळ्यांपुढें चरित्रनायक असतो. चरित्रकाराची आठवण त्याला क्वचितच होते. नायकाचीं पत्रें चरित्रकाराच्या हातीं कशीं आलीं, त्यांतलीं कोणतीं त्यानें छापलीं, कोणतीं दडविलीं आणि छापून झाल्यावर मूळ कागदांचें काय केलें, हे प्रश्न तर बहुधा कोणी विचारीतच नाहीं. परंतु चरित्राचा खरेखोटेपणा ठरावयाचा तो याच प्रश्नांच्या उत्तरांवर. या दृष्टीनें जॉन फॉर्स्टर या इंग्रज ग्रंथकाराच्या दप्तराची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

फॉर्स्टरचा जन्म १८१२ सालीं न्यूकॅसल येथें गुरांचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबांत झाला. लंडनला येऊन त्यानें कायद्याचा अभ्यास केला. परंतु वकिलीपेक्षां लेखणींतच त्याचें मन रमलें. १८४७ पासून १८५५ पर्यंत तो ‘एक्झॅमिनर’ या उदारमतवादी साप्ताहिकाचा संपादक होता. गोल्डस्मिथचें चरित्र त्यानें १८४८ सालीं व लँडरचें १८६९ सालीं प्रसिद्ध केलें. तथापि त्याचें नांव राहिलें तें १८७२ ते १८७४ या काळांत तीन भागांत निघालेल्या डिकन्सच्या चरित्रामुळें.

डिकन्स व फॉर्स्टर हे समवयस्क. दोघांचाही जन्म एकाच वर्षाचा. पंचविशीच्या सुमारास जमलेली मैत्री डिकन्सच्या मृत्यूपर्यंत टिकली. प्रकाशकांशीं तंटे मिटवावे फॉर्स्टरनें, कच्चीं मुद्रितें तपासावीं फॉर्स्टरनें, आणि १८५८ सालीं डिकन्सनें पत्नीपासून विभक्त होण्याचें ठरविलें तेव्हां त्याच्या बाजूनें बोलणीं करावीं तींही फॉर्स्टरनेंच. स्वभावानें तो हेकेखोर व बोलण्यांत अधिकार गाजविणारा होता. डिकन्सच्या एका कादंबरींतील पॉडस्नॅप हें आढ्यतेखोर पात्र फॉर्स्टरवरूनच बेतलें आहे, असें पुष्कळांचें मत आहे. परंतु मृत्युपत्रांत डिकन्सनें आपल्याजवळचीं प्रकाशित ग्रंथांचीं हस्तलिखितें ठेविलीं तीं याच मित्राच्या स्वाधीन.

वास्तविक डिकन्सला खासगी पत्रें जपून ठेवण्याचा तिटकारा होता. १८६० च्या सप्टेंबरांत गॅड्सहिल येथील आपल्या घरामागें त्यानें, वीस वर्षांत थोरामोठ्यांकडून आलेल्या पत्रांचा ढीग घालून त्याची होळी केली. परंतु आपण लिहिलेलीं पत्रें दुसऱ्यांच्या घरीं आहेत, तीं कशीं जाळणार? त्यांतील सर्वांत मोठा सांठा फॉर्स्टरजवळ होता. शिवाय त्याच्यापाशीं एक असा कागद होता कीं, ज्याची कल्पना डिकन्सच्या मुलाबाळांनाही नव्हती. वडील कर्जापायीं तुरुंगांत पडले असतां बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या शाईच्या कारखान्यांत बाटल्यांवर कागद चिकटवीत बसावें लागलें होतें. ही व्यथा डिकन्सनें स्वतः लिहून काढली, ती विश्वासानें फॉर्स्टरला दिली आणि जन्मभर इतर कोणाला सांगितली नाहीं. चरित्राचा पहिला भाग निघाला तेव्हां सारें इंग्लंड चकित झालें. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधील अनाथ पोराचें दुःख कोठून आलें, हें त्या दिवशीं जगाला कळलें.

हा झाला फॉर्स्टरचा उपकार. आतां त्याच्या अपराधाकडे वळूं. चरित्र लिहितांना त्यानें डिकन्सच्या पत्रांच्या नकला करण्याचे श्रम घेतले नाहींत. मूळ पत्रांवरच कातर चालवून हवे ते तुकडे त्यानें आपल्या लिखाणांत डकविले. छपाई झाल्यावर त्या लिखाणाचें प्रयोजन संपलें व त्याबरोबर बहुतेक पत्रेंही नाहींशीं झालीं. पुढें १९६५ पासून २००२ पर्यंत डिकन्सचा पत्रव्यवहार बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांत चौदा हजारांहून अधिक पत्रें आहेत. परंतु जिवलग मित्राला लिहिलेल्या पत्रांपुरतें संपादकांना फॉर्स्टरनें छापलेल्या उताऱ्यांवरच विसंबावें लागलें. जेथें अस्सल पत्र सुदैवानें वांचलें आहे, तेथें तें छापील उताऱ्याशीं ताडून पाहतां फॉर्स्टरनें शब्द फिरविल्याचें आणि निरनिराळ्या पत्रांतील मजकूर एकत्र जुळविल्याचें आढळतें. न्यायाधीशानें निकाल द्यावा आणि पुरावा फाडून टाकावा, असा हा प्रकार!

एलेन टर्नन या नटीशीं डिकन्सचा जो निकट संबंध होता, त्याविषयीं फॉर्स्टरनें चरित्रांत मौन पाळलें. मात्र डिकन्सचें मृत्युपत्र त्यानें परिशिष्टांत छापलें, आणि त्यांत पहिलीच देणगी एलेन टर्नन हिला एक हजार पौंडांची आहे. त्यावर टीका नाहीं कीं खुलासा नाहीं. मित्राची अब्रू राखावी कीं वाचकाला सत्य सांगावें, या पेंचांत सांपडलेल्या मनुष्यानें जाणत्यासाठीं दार किंचित् किलकिलें ठेविलें, असें आम्हांस वाटतें.

आणि गंमत अशी कीं, पत्रांवर कातर चालविणारा हाच मनुष्य पुस्तकांच्या व हस्तलिखितांच्या संग्रहांत कमालीचा दक्ष होता. १८७६ च्या फेब्रुवारींत तो वारला, तेव्हां त्याचा ग्रंथसंग्रह साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाला मिळाला. आज तें व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालय म्हणून प्रसिद्ध आहे. अठरा हजारांवर पुस्तकें, डिकन्सच्या बहुतेक मोठ्या कादंबऱ्यांचीं हस्तलिखितें, नट गॅरिकचा पत्रव्यवहार आणि लिओनार्दो द विंचीच्या टिपणवह्या अशी ही संपत्ति आहे.

या वह्यांची हकीकत आपल्या देशाशीं संबंध असलेली आहे. व्हिएन्ना येथें त्या विकत घेऊन फॉर्स्टरला भेट देणारा मित्र म्हणजे रॉबर्ट लिटन. फॉर्स्टरच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनीं तो व्हाइसरॉय म्हणून हिंदुस्थानांत आला. दक्षिणेंत दुष्काळ पडला असतां १८७७ सालीं दिल्लीस दरबार भरविणारा आणि १८७८ सालीं देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा तो हाच लॉर्ड लिटन. ज्या ‘एक्झॅमिनर’चें संपादन फॉर्स्टरनें केलें, त्याच्या संस्थापक हंट बंधूंनीं युवराजावर टीका केली म्हणून १८१३ सालीं तुरुंग पत्करला होता. मित्राचा कायदा पाहण्यास फॉर्स्टर हयात असता तर काय म्हणता, हा तर्क आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

फॉर्स्टरला दोष देणें सोपें आहे. परंतु आपल्या घरांतून काय चालतें? कर्ता पुरुष गेला कीं, महिन्याभरांत त्याचीं पत्रें रद्दींत जातात किंवा बंबांत; आणि वर्षश्राद्धाला त्याच्या गुणांचें वर्णन मात्र सर्वजण करतात. फॉर्स्टरनें निदान कापलें तें वाचून व छापून कापलें. आपण तर न वाचतांच जाळतों. मित्राच्या खासगी गोष्टी जगासमोर मांडूं नयेत, हा धर्म आम्हांलाही मान्य आहे. त्याला उपाय एकच : कागद बंद करून ठेवावा, त्यावर पन्नास वर्षांची मुदत घालावी, परंतु नष्ट करूं नये. मौन पुढें केव्हांही सोडतां येतें. राखेला मात्र कोणी वाचूं शकत नाहीं.