शरीरात मोडलेली सुई : अमली पदार्थांच्या इंजेक्शनातील एका धोक्याचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
पोकळ सुईचा शोध ही वैद्यकाच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना होय. वेदनाशमनासाठी निर्माण झालेले हे साधन पुढे व्यसनाचेही साधन बनले. त्यातून उद्भवलेल्या धोक्यांपैकी शरीरात मोडून राहिलेल्या सुईचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

सुई आणि व्यसन :
डब्लिनचे शल्यचिकित्सक फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ मध्ये पोकळ नळीद्वारे मॉर्फिनचे द्रावण त्वचेखाली सोडले. १८५३ मध्ये एडिंबरा येथील अलेक्झांडर वुड यांनी त्याला पिचकारीची जोड दिली. सुईवाटे दिलेल्या मॉर्फिनने सवय जडत नाही, हा तत्कालीन समज फोल ठरला. १८७० मध्ये इंग्लंडमधील क्लिफर्ड ऑलबट यांनी त्याविषयी सावधगिरीचा इशारा दिला. विसाव्या शतकात हेरॉइन थेट शिरेत टोचून घेण्याची पद्धत रूढ झाली. १९२९ मध्ये कैरोत आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये सामायिक पिचकारीमुळे व्यसनी व्यक्तींमध्ये हिवताप पसरल्याचे आढळले.

धोक्याचे स्वरूप :
वारंवार टोचल्याने हातांच्या शिरा कठीण होतात व बुजतात. मग व्यसनी व्यक्ती जांघेतील किंवा मानेतील शिरांकडे वळते. पुन्हापुन्हा वापरलेली सुई बोथट होते, वाकते आणि घाईत मोडते. हा तुकडा जागीच राहिल्यास गळू होते, रक्तवाहिनीस इजा पोहोचते. शिरेत शिरल्यास तो रक्तप्रवाहाबरोबर हृदयाच्या उजव्या भागात अथवा फुप्फुसात पोहोचू शकतो. तेथे हृदयाची भिंत भेदली जाणे, हृदयाच्या आतील आवरणाला जंतुसंसर्ग होणे असे जीवघेणे परिणाम संभवतात. काही तुकडे मात्र वर्षानुवर्षे लक्षणांविना राहतात.

निदान :
राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. लगेच जानेवारी १८९६ मध्ये बर्मिंगहॅमचे जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी हातात रुतलेल्या सुईचे क्ष-किरण चित्र घेतले. म्हणजेच सुई शोधण्याचे साधन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. अडचण निराळीच आहे. रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. न सांगितलेली सुई तपासणाऱ्याच्या बोटात रुतल्यास त्यालाही एचआयव्ही अथवा कावीळ 'क'चा संसर्ग होऊ शकतो.

भारतीय संदर्भ :
१९८९-९० मध्ये मणिपूरमध्ये इंजेक्शनद्वारे अमली पदार्थ घेणाऱ्यांत एचआयव्हीचा झपाट्याने प्रसार झाला आणि सुईचा प्रश्न देशासमोर आला. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हा गुन्हा आहे. मात्र स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यांना कलम ६४अ काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देते. शिक्षेची भीती सर्वांना ठाऊक असते. या संरक्षणाची माहिती मात्र रुग्णापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मोडलेली सुई शरीरात राहण्यास धातूचा दोष जितका कारणीभूत आहे, तितकेच भीती व लज्जेपोटी बाळगलेले मौनही कारणीभूत आहे. 'सुई कधी मोडली होती का?' हा प्रश्न दोषारोप न करता विचारला गेल्यास रुग्ण व वैद्यक या दोघांचेही प्राण वाचू शकतात.