उमेदवारीच्या करारापासून प्रशिक्षणशाळेपर्यंत : इंग्लंडमधील होतकरू जॉकींच्या घडणीचा इतिहास

प्रस्तावना

अश्वशर्यतींच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी घोडा, त्याचा मालक आणि जिंकलेली बक्षिसे यांभोवती फिरते. घोड्याच्या पाठीवर बसणारा जॉकी या लेखनात येतो तो नामवंत झाल्यानंतर. तो नामवंत होण्यापूर्वी कोण होता, कोणत्या वयात पागेत आला, त्याला कोणी व कोणत्या अटींवर शिकवले, हे प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतात. अठराव्या शतकाच्या मध्यास स्थापन झालेल्या जॉकी क्लबने या खेळाला नियम दिले आणि न्यूमार्केट हे त्याचे केंद्र बनले. याच परिसरात जॉकी घडविण्याची उमेदवारी पद्धतीही रुजली. या पद्धतीत अश्वप्रशिक्षक हा मुलाचा गुरू, मालक आणि पालक अशा तिन्ही भूमिका एकाच वेळी पार पाडीत असे. या तीन भूमिका परस्परांपासून हळूहळू कशा विलग होत गेल्या, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कमी वजनाची मागणी आणि बालस्वार

इंग्लंडमधील शर्यतींत लहान मुलांना स्थान मिळण्याचे मूळ 'हँडिकॅप' या शर्यतप्रकारात सापडते. सर्व घोड्यांना जिंकण्याची सारखी संधी मिळावी म्हणून बलवान घोड्यावर अधिक आणि दुबळ्या घोड्यावर कमी भार ठेवला जाई. हा भार म्हणजे स्वार आणि खोगीर यांचे एकत्रित वजन. सर्वांत कमी भार मिळालेल्या घोड्यासाठी अर्थातच अत्यंत हलका स्वार लागे आणि असा स्वार प्रौढांमध्ये मिळणे अशक्य असे. १८४४ च्या चेस्टर कप शर्यतीत 'रेड डिअर' हा घोडा अवघ्या ४ स्टोन, म्हणजे सुमारे २५ किलोग्रॅम भारानिशी धावला आणि जिंकला. त्यावर किचनर नावाचा एक मुलगा स्वार होता. एवढ्या वजनाच्या मुलाकडून भरधाव घोड्यावर पूर्ण नियंत्रण ठेवण्याची अपेक्षा करणे कितपत योग्य होते, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला.

१८६० मध्ये लॉर्ड रेड्सडेल यांनी शर्यतीतील किमान भार ७ स्टोन असावा, असे विधेयक ब्रिटिश संसदेत मांडले. जॉकी क्लबने त्यास विरोध केला आणि विधेयक मागे घेतले गेले. शर्यतींचे नियमन हा क्लबचा अंतर्गत विषय असून संसदेने त्यात हस्तक्षेप करू नये, ही क्लबची भूमिका या प्रसंगी टिकून राहिली. कारखान्यांतील बालमजुरीवर १८३३ पासून कायद्याने बंधने येत असताना पागेतील मुले मात्र त्या कायद्यांच्या कक्षेबाहेरच राहिली, ही बाब येथे लक्षात घ्यावयास हवी.

उमेदवारीचा करार

इतर हस्तव्यवसायांप्रमाणेच जॉकीचा व्यवसायही उमेदवारीच्या करारानेच शिकला जाई. मुलाचे वडील व प्रशिक्षक यांच्यात ठरावीक वर्षांचा लेखी करार होई. प्रशिक्षकाने मुलाला अन्न, वस्त्र, निवारा व विद्या द्यावी आणि मुलाने आज्ञाधारकपणे राबावे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. प्रत्यक्षात शिक्षण म्हणजे पहाटे उठून पागा साफ करणे, खरारा करणे, घोड्यांना दाणावैरण घालणे व सरावाच्या फेऱ्यांत त्यांच्यावर बसणे. शर्यतीत उतरण्याची संधी निवडक मुलांनाच मिळे. उमेदवाराच्या स्वारीचे जे मानधन मिळे, त्यातील निम्मा वाटा प्रशिक्षकाकडे जाण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. म्हणजेच कुशल उमेदवार हा प्रशिक्षकाच्या उत्पन्नाचाही एक मार्ग होता.

या पद्धतीची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. अनेक गरीब कुटुंबांतील मुलांना पागेने पोटभर अन्न आणि एक व्यवसाय दिला. यशस्वी जॉकीला जी संपत्ती व प्रतिष्ठा मिळे, ती श्रमिक वर्गातील मुलाला अन्य मार्गाने क्वचितच मिळाली असती. त्यामुळे ही पद्धत केवळ शोषणाची होती असे विधान एकांगी ठरेल. संरक्षण आणि शोषण या दोन्हींच्या किल्ल्या एकाच हाती होत्या, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय.

फ्रेड आर्चर : पद्धतीचे यश आणि मोल

फ्रेड आर्चर (१८५७–१८८६) याच्या चरित्रात या पद्धतीच्या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. त्याचे वडील विल्यम आर्चर यांनी १८५८ ची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकली होती. १८६८ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, फ्रेडला न्यूमार्केट येथील प्रशिक्षक मॅथ्यू डॉसन यांच्याकडे पाच वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. त्याचे शालेय शिक्षण तेथेच थांबले. इंग्लंडमध्ये ५ ते १० वर्षे वयाच्या मुलांना शाळा सक्तीची झाली ती १८८० मध्ये. तोपर्यंत आर्चर देशातील सर्वश्रेष्ठ जॉकी झालेला होता, परंतु त्याचे वाचन-लेखन आयुष्यभर कच्चेच राहिले.

१८७२ मध्ये त्याने 'साल्व्हानोस' या घोड्यावर सिझारविच शर्यत जिंकली, तेव्हा भार होता ५ स्टोन ७ पौंड, म्हणजे सुमारे ३५ किलोग्रॅम. १८७४ ते १८८६ अशी सलग तेरा वर्षे तो इंग्लंडचा अव्वल जॉकी होता. पाच वेळा त्याने डर्बी जिंकली आणि एकूण २,७४८ विजय मिळविले. परंतु बालवयात ज्या हलक्या शरीरावर त्याची कारकीर्द उभी राहिली, ते शरीर वाढणारच होते. त्याची उंची पाच फूट आठ इंचांच्या पुढे गेली. हिवाळ्यात वाढलेले वजन दर वसंतात उपवास, रेचके व बाष्पस्नान यांच्या साहाय्याने उतरविणे हा त्याचा क्रमच झाला.

१८८६ च्या केंब्रिजशायर शर्यतीत 'सेंट मिरिन' या घोड्यावर बसण्यासाठी त्याने कडक उपोषण केले. तरीही तो ठरलेल्या वजनापेक्षा एक पौंड अधिक भरला आणि घोडा अगदी थोडक्यात हरला. त्यानंतर तो विषमज्वराने आजारी पडला आणि ८ नोव्हेंबर १८८६ रोजी, तापाच्या भरात व खोल नैराश्यात, त्याने स्वतःचे जीवन संपविले. तेव्हा तो २९ वर्षांचा होता. या अंतास पत्नीच्या निधनाचे दुःखही कारणीभूत होते, त्यामुळे सारा दोष वजनाच्या नियमास देता येणार नाही. तथापि घोडा कसा आवरावा हे उत्तम शिकविणाऱ्या त्या उमेदवारीत वाढत्या शरीराचे काय करावे, याचे शिक्षण नव्हते, हे मात्र निश्चित.

विसावे शतक : घराणे, संस्थानिक आणि पागा

विसाव्या शतकात शाळा सोडण्याचे किमान वय वाढत गेले आणि १९४७ मध्ये ते १५ वर्षे झाले. तरीही पुढच्याच वर्षी, १८ ऑगस्ट १९४८ रोजी, लेस्टर पिगट याने हेडॉक येथे 'द चेस' या घोडीवर पहिला विजय मिळविला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याने उमेदवारी केली ती स्वतःच्या वडिलांकडे. म्हणजे येथेही गुरू, मालक व पालक एकच होते, केवळ या वेळी पालकत्व रक्ताचे होते. पिगटने पुढे नऊ वेळा डर्बी जिंकली, परंतु आर्चरप्रमाणेच उंच असलेल्या या जॉकीलाही आयुष्यभर भुकेशी झगडावे लागले.

याच कालखंडात या इतिहासाचा मराठी माणसाच्या परिचयाच्या एका राजघराण्याशी संबंध आला. बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाड यांनी १९४५ मध्ये एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनी या तत्कालीन विक्रमी किमतीस विकत घेतले आणि त्यास आपल्या आजोबांचे 'सयाजीराव' हे नाव दिले. १९४७ मध्ये सयाजीरावाने सेंट लेजर ही शर्यत जिंकली. महाराजांच्या घोड्यांचे प्रशिक्षक सॅम आर्मस्ट्राँग हे उत्तरेतील मिडलहॅमहून न्यूमार्केटच्या वॉरेन प्लेस या पागेत आले. उमेदवार जॉकी घडविण्यासाठी त्यांची विशेष ख्याती होती. त्यांच्याकडील विली स्नेथ १९४९ मध्ये उमेदवारांतील अव्वल जॉकी ठरला. बडोद्याच्या संपत्तीवर उभ्या असलेल्या पागेत इंग्रज श्रमिकांची मुले जॉकीचा व्यवसाय शिकत होती, ही वसाहतकालाच्या अखेरीची एक लक्षणीय विसंगती होय. विक्रमी किमतीचे शिंगरू आणि त्याच पागेत नाममात्र मोबदल्यावर राबणारा उमेदवार यांच्यातील अंतर मालक बदलल्याने कमी झाले नाही.

१९७५ चा संप आणि प्रशिक्षणशाळांचा उदय

बहुसंख्य उमेदवार जॉकी होत नसत. वजन वाढल्यावर किंवा संधी न मिळाल्यावर ते मोतद्दार म्हणून अल्प वेतनावर पागेतच राहत. त्यांचा असंतोष १९७५ च्या वसंतात न्यूमार्केटच्या संपाच्या रूपाने प्रकट झाला. वन थाउजंड गिनीज शर्यतीच्या दिवशी संपकऱ्यांनी मैदान अडविले आणि जॉकी विली कार्सन यांना घोड्यावरून खाली खेचण्यात आले. कार्सन यांनीही आर्मस्ट्राँग यांच्या पागेत उमेदवारी केली होती. एकाच व्यवस्थेने घडविलेला यशस्वी आणि त्याच व्यवस्थेने मागे ठेवलेले अनेक, असे दोन्ही पक्ष त्या दिवशी समोरासमोर आले.

१९८० च्या दशकात न्यूमार्केट व डॉनकॅस्टर येथे स्वतंत्र प्रशिक्षणशाळा सुरू झाल्या. स्वारीचे प्राथमिक शिक्षण, सुरक्षितता आणि पुढे आहारशास्त्र या गोष्टी प्रशिक्षकाच्या मर्जीवर न राहता अभ्यासक्रमाचा भाग बनल्या. स्त्रियांचा प्रवेशही याच संक्रमणकाळातील आहे. जॉकी क्लबच्या नियमांनुसार स्त्रियांची पहिली शर्यत १९७२ मध्ये केम्प्टन पार्क येथे झाली व ती मेरिएल टफनेल यांनी जिंकली. २००५ मध्ये हेली टर्नर या सलीम गोलाम यांच्यासह उमेदवारांमध्ये संयुक्तपणे अव्वल ठरल्या. सपाट मैदानावरील शर्यतींचा किमान भारही वाढत जाऊन २०२२ मध्ये ८ स्टोन २ पौंड, म्हणजे सुमारे ५२ किलोग्रॅम झाला. 'रेड डिअर'च्या पाठीवरील भाराच्या हा दुपटीहून अधिक आहे.

मात्र एक जुना पेच अद्याप शिल्लक आहे. अनुभवाची उणीव भरून निघावी म्हणून उमेदवाराला भारात सवलत मिळते. ब्रिटनमध्ये ती २० विजयांपर्यंत ७ पौंड, ५० विजयांपर्यंत ५ पौंड आणि ९५ विजयांपर्यंत ३ पौंड असते. या सवलतीमुळे प्रशिक्षक नवोदितांना संधी देतात, पण सवलत संपताच तीच संधी आटण्याचा धोका असतो. शिकण्याचे बक्षीस म्हणून विद्यार्थ्याला बेकारीस सामोरे जावे लागावे, असा हा विरोधाभास आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, गुरू, मालक आणि पालक या भूमिका विलग होण्यास शंभरहून अधिक वर्षे लागली. पालकत्वाचा काही भाग कायद्याने व सक्तीच्या शिक्षणाने घेतला, गुरुत्वाचा काही भाग शाळांनी घेतला, आणि मालकत्वाला संघटित श्रमिकांनी आव्हान दिले. यांपैकी कोणताही बदल केवळ क्रीडासंस्थेच्या अंतःप्रेरणेने झाला, असे म्हणता येत नाही.

मुंबई व पुणे येथील शर्यती याच इंग्रजी परंपरेतून आलेल्या असल्याने हा इतिहास आपल्यालाही परका नाही. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अश्वशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. घोड्याची तयारी आणि जॉकीचे नैपुण्य यांना त्या निर्णयात महत्त्व आहे. एखाद्या खेळाची कायदेशीर मान्यताच जर कौशल्यावर आधारलेली असेल, तर ते कौशल्य कोणत्या घरांतील मुले, कोणत्या वयात व कोणत्या अटींवर संपादन करतात, हा विषय क्लबच्या आवारापुरता मर्यादित राहू शकत नाही. क्रीडेतिहासाच्या अभ्यासकांनी विजेत्यांच्या यादीबरोबर पागेतील हजेरीपटाकडेही वळावे, हे प्रस्तुत लेखाचे नम्र प्रतिपादन आहे.