एक्स्पोजर किती? एका आकड्याची कुळकथा

ताऱ्यांचा फोटो काढताना शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हे छायाचित्रकाराच्या हौसेनं कधीच ठरलं नाही. साखळीतली सर्वांत कच्ची कडी ते ठरवत आली. १८५० मध्ये हार्वर्ड वेधशाळेत अभिजित तारा चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटायला सुमारे १०० सेकंद लागले. तिथे मंद होता तो पत्रा. पुढची ओली प्लेट काही मिनिटांत सुकायची, म्हणून तेवढीच मुदत. कोरडी प्लेट आल्यावर १८८० मध्ये हेन्री ड्रेपरनं मृगातला तेजोमेघ ५१ मिनिटं टिपला, आणि सगळा भार दुर्बीण फिरवणाऱ्या घड्याळयंत्रावर गेला. आपल्याकडे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणात पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला करमाळा तालुक्यातल्या जेऊरला उपकरणं घेऊन गेले, तेव्हा मुदत चंद्रानं घातली होती: खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची.

फिल्मच्या काळात आणखी एक अडचण होती. मंद प्रकाशात वेळ दुप्पट केला तरी ठसा दुप्पट होत नसे. म्हणून एकच लांबलचक एक्स्पोजर द्यायचं आणि रात्रभर ताऱ्यामागे दुर्बीण फिरवत राहण्याचं काम, म्हणजे ट्रॅकिंग, सांभाळायचं, अशी शिस्त रुजली. डिजिटल सेन्सरला हा दोष नाही. तो आलेला प्रकाश हिशेबानं साठवतो. त्यामुळे एका तासाचे तुकडे करून ते संगणकावर एकत्र करता येतात; यालाच स्टॅकिंग म्हणतात. तरीही ‘जितकं लांब, तितकं चांगलं’ ही समजूत फिल्मकडून वारशानं आली आणि टिकून राहिली.

मग सेकंदाच्या दहाव्या भागाचे हजारो फोटो का काढू नयेत? कारण प्रत्येक फोटो वाचताना सेन्सर स्वतःचा थोडा गोंगाट त्यात मिसळतो. हा रीड नॉइज आकाशाच्या उजेडापुढे नगण्य होईल, एवढं एक्स्पोजर हवंच. समजा, तो दोन इलेक्ट्रॉन आहे. त्याचा वर्ग चार. आकाशाकडून त्याच्या दहापट, म्हणजे दर पिक्सेलला ४० इलेक्ट्रॉन जमले की एकूण गोंगाटात रीड नॉइजमुळे पडणारी भर पाच टक्क्यांच्या आत राहते. ठाण्यातल्या खोपटच्या गच्चीवर आकाश सेकंदाला दोन इलेक्ट्रॉन देत असेल, तर २० सेकंद पुरेत. आकाशदर्शनासाठी ओळखल्या जाणाऱ्या वांगणीसारख्या ठिकाणी आकाश दहापट काळं मिळालं, तर २०० सेकंद हवेत. वांगणीचा आकडा खोपटला वापरला, तर फायदा जवळपास शून्य. उलट तेजस्वी तारे जळून पांढरे होतात आणि एखादं विमान गेलं की तीन मिनिटं वाया.

यावर कोणी म्हणेल, मग खोपट आणि वांगणी सारखंच झालं की! तसं नाही. आकाशाच्या उजेडाचा गोंगाट स्टॅकिंगनं कमी होतो, पण फुकट नाही: दहापट उजळ आकाशाखाली मंद तेजोमेघाचा तोच दर्जा गाठायला एकूण वेळही साधारण दहापट लागतो. वांगणीला तासाभरात जे साधेल, त्याला खोपटला दहा तास. कॅमेरा ताऱ्यांमागे फिरवणारा ट्रॅकर नसेल, तर पृथ्वीचं फिरणं आणखी आधी आडवं येतं. ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थनं भागायचं, या ढोबळ नियमानं फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरच्या लेन्सला दहाच सेकंद मिळतात.

म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलण्यात अर्थ नाही. एक चाचणी फोटो काढावा, कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा, म्हणजे हिस्टोग्रामचा, उंचवटा डाव्या कडेपासून स्पष्ट सुटला की थांबावं, आणि उरलेली रात्र फोटोंची संख्या वाढवण्यात घालवावी. शहरात आज कच्ची कडी आकाश आहे. एकेक फोटो लांबवून ती पक्की होत नाही.