कांडण, जाते आणि थापटणे : लघुपद्याच्या इंद्रियनिष्ठेचा विचार

लघुपद्याचा विचार मराठी समीक्षेत प्रायः दृश्य प्रतिमेच्या अंगाने झाला आहे. शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी मराठीत रुजवलेल्या हायकूच्या संदर्भात हे विशेषत्वाने जाणवते. तीन ओळींत टिपलेला दृश्यक्षण हे त्याचे मर्म मानले गेले आणि अल्पाक्षरत्व म्हणजे पाहण्यातील काटकसर, अशी समजूत रूढ झाली. धाराशिव आणि लगतच्या परिसरातील पद्यपरंपरेचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते. येथे लघुत्वाचे मूळ डोळ्यापेक्षा हातात, श्वासात आणि कानात आहे.

उमरग्याच्या पूर्वेस, आज कर्नाटकात असलेले बसवकल्याण ही कल्याणी चालुक्यांची राजधानी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (११२९) या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ओवीच्या या प्राचीन उल्लेखात तिची ओळख श्रमावरून दिली आहे, हे लक्षणीय होय. मुसळाच्या आघाताला जशी स्वतःची लय असते, तशीच जात्याच्या फेऱ्यालाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत दोन ओळींचा बंध प्रामुख्याने आढळतो. खुंट्यावरचा हात, दगडाची घरघर, ऊन पिठाचा वास आणि सोबतिणीने उचललेली ओळ यांच्या संयोगातच तो बंध पूर्ण होतो.

तेरच्या गोरा कुंभारांची कथा हाच प्रश्न ज्ञानाच्या पातळीवर नेते. परंपरेनुसार त्यांची समाधी शके १२३९ (इ. स. १३१७) मधील. महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) आलेल्या कथेनुसार गोरोबाकाका संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते ठरवतात आणि नामदेव कच्चे निघतात. कथेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी तिच्यातील ज्ञानव्यवहार महत्त्वाचा उरतो. भाजलेले मडके खणखणते, कच्चे बद्द वाजते. दृष्टीला न दिसणारा दोष स्पर्श आणि नाद उघड करतात. मोठ्या अभंगाच्या सहा, सहा, सहा, चार या अक्षररचनेतही अखेरचा आखूड चरण असाच आघात करतो. त्यानंतर उरणारी जागा टाळ-मृदंग आणि ध्रुपदाचे परतणे भरून काढतात.

मर्ढेकरांनी साहित्याचे माध्यम शब्दाच्या नादात न मानता भावनात्मक अर्थात मानले. मुद्रित कवितेपुरती ही मांडणी समर्थ आहे. ओवीला ती लावली, की मात्र नाद, श्रम आणि सहगायन ही सारी केवळ ‘पार्श्वभूमी’ ठरते. मग ज्या स्त्रियांनी हा बंध घडवला त्यांचे कर्तृत्वही पार्श्वभूमीत जाते. पिठाच्या गिरण्या आल्यावर स्त्रियांचे कष्ट हलके झाले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र त्यानंतर ओवी मुख्यत्वे कागदावर राहिली आणि कागदावरच्या दोन ओळी त्रोटक वाटू लागल्या. हे त्रोटकपण वाचनपद्धतीचे आहे, रचनेचे नव्हे. म्हणूनच ध्वनिमुद्रित ओवी ही संहितेची पुरवणी न मानता संहिताच मानणे समीक्षेला भाग आहे. तसे मानले, की हायकूकडेही केवळ दृश्यक्षण म्हणून पाहता येणार नाही. त्याच्या तीन ओळींमधला विरामही तेव्हा ऐकावा लागेल.